कॅमॅरोची पुढची चाके तापतात : दोष कॅलिपरचा नसावा

१९६८च्या कॅमॅरो गाडीला पुढे डिस्क ब्रेकचा संच बसवल्यापासून दहा-बारा मैलांत चाके तापतात आणि गॅरेजवाले ‘पॅड अजून बसायचे आहेत’ असे सांगतात, हे आपण लिहिलेले वाचले आणि माझे सहा वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. माझीही गाडी त्याच वर्षाची, आणि मला मिळालेले उत्तरही हेच. मी मेकॅनिक नाही व आपली गाडी पाहिलेली नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

माझी चूक अशी की, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते तेव्हाचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) ‘चांगला आहे, राहू द्या’ असे मीच सांगितले. त्या सिलिंडरमध्ये नळी जोडण्याच्या तोंडाशी, पितळी बैठकीच्या मागे, एक छोटी झडप असते. पेडलवरून पाय काढल्यावरही ती नळीत सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवते. ड्रममध्ये लायनर (घासणारे अस्तर) मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असल्यामुळे तिथे हा दाब चालतो. कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मात्र केवळ रबरी सीलच्या ओढीने केसभर मागे सरकतो, आणि तेवढा दाब पॅड डिस्कला घासत ठेवायला पुरतो.

गॅरेजने दोनदा कॅलिपर बदलले, एकदा डिस्क बदलल्या आणि दर वेळी मजुरी लावली. संच विकणाऱ्यांनी ‘आमच्या मालात दोष नाही’ असे सांगून फोन ठेवला. ते खरेही होते, पण मास्टर सिलिंडर कोणता आहे, एवढे विचारायचे कोणालाही सुचले नाही. शेवटी एका रविवारी मीच जॅक लावला. चाक हाताने फिरेना. कॅलिपरवरचे ब्लीडर निपल (ऑइल व हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) पाव आटा सैल करताच ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले.

आपणही हे करून पाहावे, मात्र सगळे गार झाल्यावर आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून. पुन्हा चाक अडकेल तेव्हा निपलऐवजी मास्टर सिलिंडरपाशी नळीचा नट सैल करावा. तिथे सुटले तर झडप किंवा पेडलचा दांडा संशयित, न सुटले तर बहुधा आतून बंद झालेला रबरी होज. झडपच निघाली, तर पुढे डिस्क व मागे ड्रम असलेल्या गाडीसाठीचा मास्टर सिलिंडर घ्यावा आणि त्यासोबत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारी झडप) बसवावा. तो नसल्यास जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी लॉक होऊ शकतात.

आपण १७ इंची चाके मागवणार असाल, तर ती ऑर्डर, माझे ऐकाल तर, एक चाक प्रत्यक्ष कॅलिपरवर चढवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय पक्की करू नये. पाच बोल्ट आणि ते ज्यावर बसतात ते ४.७५ इंचांचे वर्तुळ जुळले म्हणजे चाकाचा आरा कॅलिपरला लागणार नाही, असे नव्हे.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश बदलणार असाल, तर त्यांचे बोल्ट गाडी टायरांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले की बुश कायमचे पिळलेले राहतात. अलाइनमेंटवाल्याकडे असलेले १९६८चे आकडे जुन्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या) टायरांसाठीचे आहेत. रेडियल टायर असतील तर त्याला पॉझिटिव्ह कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण-अक्षाचा मागे झुकाव) वाढवायला आधीच सांगून ठेवावे.