कट्यार असताना ‘मुष्टी-खंजीर’ कशाला?

काल एकांनी विचारलंय, आजोबांच्या ट्रंकेत जुनं हत्यार सापडलं, मुठीवर सोनेरी वेलबुट्टी आहे, नेटवर त्याला पंच डॅगर म्हणतात, तर मराठीत ‘मुष्टी-खंजीर’ चालेल का? अहो नका हो, त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, कट्यार! घोळ असा झालाय की आपण कट्यार, खंजीर, बिचवा सगळं एकाच पिशवीत टाकतो.

फरक मुठीत बघायचा. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत, सुरीसारखी. कट्यारीच्या पात्यापासून दोन पट्ट्या मागे मनगटापर्यंत येतात आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या, बहुतेक वेळा दोन, त्या धरून मूठ आवळली की पातं बोटांच्या पुढे सरळ उभं राहतं, म्हणजे ठोसा मारायचा आणि तोच वार, सगळा खांद्याचा जोर त्यात. पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला. १४व्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने हिला नांगराच्या फाळाची उपमा दिलीय, आणि पातं बघितलं की ती पटते.

दुसरा शब्द जमदाड किंवा जमदाढ. जम म्हणजे यम, त्याची दाढ! सभासद बखरीत १६५९च्या भेटीत अफझलखानाच्या हाती जमदाडच आहे, आपण गोष्ट सांगताना तिचा सर्रास खंजीर करतो. बिचवा वेगळा, वाकडा, विंचवाच्या नांगीसारखा, म्हणून ते नाव.

आता तुमच्या कट्यारीच्या मुठीवरच्या सोनेरी वेलबुट्टीचं. ती कोफ्तगिरी असेल तर पोलादावर आधी बारीक उभ्याआडव्या रेघा ओरखडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवलेली असते, सोनं झिजलंय तिथे टॉर्च तिरका धरा, रेघांची जाळी दिसते. मी जुन्या बाजारात एकदा ‘पेशवेकालीन’ कट्यार घेतली होती, घरी येऊन नखाने खरवडलं तर सोनं नखात आलं, ऑइल पेंट निघाला :) पातं मुठीला रिव्हेट मारून जोडलेलं दिसलं तर मात्र लगेच डुप्लिकेट समजू नका, दक्षिणेत युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून अशी बसवायचे.

एखाद्या रविवारी पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये चक्कर मारा, शस्त्रांपाशी गेलात की नावाच्या पाट्या वाचायच्या आधी नुसत्या मुठी बघा. आणि तोवर तुमची कट्यार ब्रासोने घासू नका प्लीज, खरं सोनं असलं तरी जाईल.