झेनॉन किट घेऊ की नको? हेडलाइटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे २०१२ची वॅगन आर आहे. राहायला चिपळूणला, कामासाठी कराडला जाणं-येणं, आणि परतताना कुंभार्ली घाट बहुतेक वेळा रात्रीच उतरावा लागतो. लाइट इतका मंद आहे की समोरून गाडी आली की साइडपट्टी दिसेनाशीच होते. एसेसरीजवाला म्हणतो ५५ वॉटचं ८०००केचं झेनॉन किट टाका, घाटात दिवस उजाडेल. भाचा म्हणतो ८००० नको, ६००० घे. बजेट पाच हजारापर्यंत. नक्की कुठलं घेऊ?
— वाचक, चिपळूण

उत्तर: स्पष्टच सांगतो, कुठलंच घेऊ नका, निदान तुमच्या आहे त्या हेडलाइटमध्ये तरी नकोच. का ते नीट सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही, तिथे फक्त भिंतीवर लाइट मारून दाखवतात आणि आपण 'अरे वा' म्हणून पाकीट काढतो.

तुमच्या गाडीत एच-४ बल्ब आहे, ६०/५५ वॉटचा. एकाच काचेत दोन फिलामेंट, एक अप्परचं, एक डिपरचं. बल्ब हातात घेऊन बघा (काचेला बोट न लावता, बोटाचं तेल लागलं की काच तिथे तापून बल्ब लवकर जातो), डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी दिसेल. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणजे रिफ्लेक्टरच्या (बल्बमागचा चकचकीत आरसा) फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो रस्त्यावर खाली येतो. रिफ्लेक्टरचा एकेक पैलू हे गृहीत धरून बनवलेला असतो की फिलामेंट अमुकच जागी असणार आणि एवढंच असणार. झेनॉनमध्ये फिलामेंटच नसतं, दोन टोकांमध्ये विजेचा आर्क पेटतो, त्याचा आकार वेगळा, जागा वेगळी, आणि एच-४च्या किटमध्ये तर अप्पर-डिपर करायला मॅग्नेटने अख्खी नळी पुढे-मागे सरकवतात. मिलिमीटरभर फरक पडला तरी डिपरची ती वरची स्वच्छ रेघ जाते आणि उजेड वाट फुटेल तिकडे उडतो. त्यात आकडा बघा, एच-४चा डिपर साधारण १००० लुमेन (उजेड मोजायचं माप) आणि ३५ वॉटचं चांगलं झेनॉन ३२०० लुमेनच्या आसपास, म्हणजे जो उजेड चुकीच्या जागी जातोय तोही तिप्पट. कंपनी जेव्हा स्वतः झेनॉन देते (१९९१ साली बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीजमध्ये पहिल्यांदा दिलं) तेव्हा त्यासाठी हेडलाइटच वेगळा बनवते. आणि युरोपच्या नियमात तर डिपरचा बल्ब २००० लुमेनच्या वर गेला की लाइट आपोआप वर-खाली सेट होणारी यंत्रणा आणि काच धुणारा वॉशर दोन्ही सक्तीचे आहेत. पाच हजाराच्या डब्यात यातलं काही येत नाही.

तुम्ही म्हणाल समोरच्याचं जाऊ दे, मला तर दिसेल ना? इथेच खरी गोम आहे. असं किट लावलं की बंपरपुढच्या दहा-पंधरा मीटरवर पांढराशुभ्र उजेड पडतो आणि माणूस खूश होतो, पण जवळ एवढा लख्ख उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसायला लागतं. आणि घाटातल्या अरुंद रस्त्यावर समोरचा ट्रकवाला दिपला तर तो कुणाच्या अंगावर येणार आहे, हेही धरा की हिशोबात.

केल्विनचा (८०००के, ६०००केमधला तो 'के', म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा आकडा) घोळ तर सगळीकडेच आहे. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. ४३००केला झेनॉन सगळ्यात जास्त उजेड देतं, ६०००ला निळसर झाक येते आणि उजेड थोडा घटतो, ८०००ला सरळ निळं होतं आणि आणखी घटतो. भाचा तुमच्या दुकानदारापेक्षा बरा, एवढंच म्हणेन. पावसाळ्यात कुंभार्लीला धुकं उतरतं तेव्हा धुक्याचे थेंब कुठल्याही रंगाचा उजेड परत फेकतातच, पण निळसर उजेड डोळ्याला जास्त टोचतो आणि ओल्या डांबरावर काही उमटतच नाही.

मग करायचं काय? आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि इंजिन चालू, डिपर चालू ठेवून होल्डरच्या मागून मल्टीमीटर लावायला सांगा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि होल्डरवर साडेबारा असं निघालं तर तुमचा उजेड वायरीतच अडकलाय. या वयाच्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा हेच निघतं, पातळ वायर, स्विचमधून फिरून आलेली, होल्डरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. हॅलोजनला (म्हणजे तुमच्या एच-४सारख्या फिलामेंटच्या बल्बला) साधारण एक व्होल्ट कमी मिळाला की उजेड जवळपास पाव हिश्श्याने पडतो, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. रिले किट (बॅटरीतून थेट लाइटला करंट देणारा स्विच आणि वायरी) घ्या, सिरॅमिक होल्डरचं, जाड वायर, फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे, आणि मूळ वायर कापू न देता सॉकेटला सॉकेट जोडून घ्या. मग ६०/५५च्याच वॉटचा पण जास्त उजेडाचा बल्ब टाका, ओसरामचा नाइट ब्रेकर किंवा फिलिप्सचा एक्सट्रीम व्हिजन यातला कुठलाही. ते साध्या बल्बपेक्षा लवकर जातात हे खरं, जोडी घेऊन एक डिकीत ठेवा असं नाही, दोन्ही एकदमच बदलायचे, आणि डुप्लिकेट भरपूर आहेत म्हणून बिलासकटच घ्या. १००/९० वॉटचा बल्ब मात्र कोणी गळ्यात मारला तरी नको, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर आतून करपतो आणि मग कुठलाच बल्ब टाकून उपयोग नाही.

आणि काच! २०१२ची गाडी म्हणजे काच पिवळी पडली असणार, ती काच नसतेच मुळात, पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने त्याचा वरचा थर जातो. १०००, २०००, ३००० नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत क्रमाने घासून, कंपाउंडने पॉलिश करून, वर यूव्हीचा क्लिअर कोट. कोट नाही मारला तर काही महिन्यांत परत पिवळी. एवढं करून पैसे उरले तर खाली बंपरमध्ये हॅलोजनचे पिवळे फॉगलॅम्प बसवा, घाटाच्या वळणावर लांबचा नाही तर आडवा उजेड लागतो, कठडा आणि आतली गटार दोन्ही दिसली पाहिजेत.

प्रश्न: माझ्या गाडीला कंपनीचाच हॅलोजन प्रोजेक्टर आहे. त्यात झेनॉन चालेल ना? की मित्र म्हणतो तसा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना बाय-झेनॉन (अप्पर-डिपर दोन्ही झेनॉनवर चालणारा) प्रोजेक्टर आणून बसवू?
— वाचक, पुणे

उत्तर: प्रोजेक्टरमध्ये (पुढे गोल भिंग असलेल्या हेडलाइटमध्ये) उजेड अडवायला आतच पत्र्याची पट्टी असते त्यामुळे वरची रेघ टिकते, म्हणून रिफ्लेक्टरइतका गोंधळ होत नाही. पण आतला रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटसाठीच घडवलेला, त्यामुळे मधे झगझगीत डाग, कडेला काळोख असं चित्र बऱ्याचदा येतं. लावायचंच असेल तर ३५ वॉट, ४३००के, एसी बॅलास्ट (झेनॉन पेटवायला लागणारं व्होल्टेज देणारा डबा, एसी करंटचा). ५५ वॉटच्या मोहात पडू नका, उष्णता वाढते, बल्बचं आयुष्य घटतं.

जुना प्रोजेक्टर आणणार असाल तर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरची रेघ डाव्या बाजूला वर चढते, म्हणजे डावी साइडपट्टी, पाटी, चालणारा माणूस दिसतो. जपान, इंग्लंडचा माल आपल्यासारखाच. पण जर्मनी किंवा अमेरिकेच्या गाडीतून काढलेला असेल तर त्याची रेघ उजवीकडे चढते, म्हणजे बरोब्बर समोरच्याच्या डोळ्यात, आणि दुकानात तो हातात घेऊन काही कळत नाही. बारा व्होल्टला जोडून भिंतीवर मारून दाखव म्हणा, पायरी डावीकडे चढली तरच पैसे द्या. दुसरं म्हणजे हेडलाइट गरम करून उघडतात आणि परत चिकटवतात, तिथे ब्युटाइलचा (गरम केला की मऊ होणाऱ्या चिकट रबराचा) पट्टाच पाहिजे, हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन फासून दिलं तर पहिल्याच पावसात आत वाफ धरते.

प्रश्न: गाडी सेकंडहँड घेतली त्यात झेनॉन आधीपासूनच होतं. डावा लाइट सुरू होताना फडफडतो, कधी पेटतच नाही, आणि लाइट लावला की एफएमवर घरघर येते. रंगही दोन्हींचा वेगळा दिसतो.
— वाचक, नाशिक

उत्तर: आधी डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघा. फडफड बल्बबरोबर गेली तर बल्ब गेलाय, डावीकडेच राहिली तर बॅलास्ट किंवा त्याची अर्थिंग. गंजलेल्या बोल्टला अर्थ दिलेली असते आणि बिचारा बॅलास्ट बदलला जातो, हे नेहमीचंच. पण हे करताना लाइट बंद, चावी बाहेर, आणि थोडा वेळ थांबून मगच हात घाला, कारण पेटताना बॅलास्ट वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो, नंतर चालताना तो ८५ व्होल्टच्या आसपास उतरतो. इथे घाई नको.

घरघर स्वस्त बॅलास्टची, आत शील्डिंग (विजेचा गोंगाट बाहेर येऊ न देणारं आवरण) नसतं. वायर अँटेनाच्या वायरीपासून लांब नेली तर थोडी कमी होईल. रंग बदलला म्हणजे एक बल्ब म्हातारा झालाय, झेनॉन जुनं होताना आधी निळं-गुलाबी व्हायला लागतं. नेहमी जोडीच बदला. आणि हेडलाइट रिफ्लेक्टरचा असेल तर या निमित्ताने किटच काढून टाका ना, परत त्यावर खर्च कशाला.

प्रश्न: दुकानदार म्हणतो जीएसटीचं बिल देतो, मग आरटीओ काही करू शकत नाही. खरं आहे का?
— वाचक, सोलापूर

उत्तर: बिल असलं म्हणजे तुम्ही माल विकत घेतलाय एवढंच सिद्ध होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल करता येत नाही, २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमात, नियम १०६, पुढचा लाइट कायम खाली वळवलेला हवा, आठ मीटरवर दीड मीटर उंचीला डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये, असं आहे. रस्त्यावर कोणी अडवत नाही हे खरं, पण अपघात झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेयर आला की तो बॅलास्ट त्याला पहिल्या मिनिटात दिसतो.

प्रश्न: झेनॉनपेक्षा एलईडी बल्ब बरे का?
— वाचक, बेळगाव

उत्तर: एच-४च्या रिफ्लेक्टरमध्ये टाकणार असाल तर दुखणं तेच, जागा आणि आकार फिलामेंटसारखा नाही. वर मागे पंखा, तो धुळीने अडकला की चिप तापून उजेड कमी होत जातो. डब्यावरच्या '२०००० लुमेन'वर तर हसायलाच पाहिजे.

प्रश्न: लाइट घरच्या घरी सेट करता येतो का? मेकॅनिक अंदाजाने पिळतो.
— वाचक, सातारा

उत्तर: येतो. सपाट जागा, समोर भिंत, चाकात बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसवा. डॅशबोर्डवर लेव्हलचं बटण असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला अगदी चिकटवून दोन्ही लाइटच्या मध्यावर खडूने खुणा करा, मग सरळ पाच मीटर मागे या. डिपरची सपाट रेघ खुणेच्या साधारण पाच-सहा सेंटिमीटर खाली यायला हवी, एक लाइट कापडाने झाकून एकेक बघा, हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने वर-खाली होतं. एच-४मध्ये डिपर बसला की अप्पर आपोआप बसतो, तो वेगळा पिळायचा नाही. आणि मागे तिघं बसून डिकी भरली की ते लेव्हलचं बटण दोन किंवा तीनवर न्या, गाडी मागून दबली की पुढचा लाइट वर उठतो आणि मग समोरचे अप्पर मारत राहतात, आपल्याला वाटतं यांना काय झालंय.