दादाच्या ग्लासात जास्त काहून?

ताई, त्रिमूर्ती नगरातून आलेली तुमची चिठ्ठी वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी साडेचारची, मुलगा तेराचा. पन्हं दोघांना सारखंच देता, पण दादाचा ग्लास उंच अन् हिचा बुटका, की झालं भोकाड सुरू, दादाला जास्त! सासूबाई म्हणतात पोट्टी हट्टी झाली. अन् दादा बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) तुमच्यासोबत यायला तयार नाही, सगळे माझ्याकडेच बघतात म्हणे, वर प्रत्येक गोष्टीत वाद.

बाप्पा, छोटी हट्ट नाही करत आहे हो, तिला खरंच जास्त दिसतंय! ज्याँ पियाजे म्हणून स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ होते (1896-1980), त्यांनी नेमकं हेच करून पाहिलं, दोन सारख्या ग्लासात सारखं पाणी घ्यायचं, मग पोरांसमोरच एकातलं उंच निमुळत्या ग्लासात ओतायचं, आणि या वयाची बहुतेक पोरं उंच ग्लासाकडेच बोट दाखवतात. लक्ष उंचीवर चिकटतं, त्यात ग्लास अरुंद आहे हे सुटून जातं, अन् परत ओतलं तर आधीएवढंच भरेल हा उलटा हिशोब मनात जमत नाही. सहा-सात वर्षांची झाली की जमायला लागेल. तोवर समजावून घसा कोरडा नका करू, सरळ एकसारखे ग्लास आणा. ओतायचं काम तिलाच द्या, सांडलं तर सांडलं.

तान्ही असताना खुळखुळा दुपट्ट्याखाली झाकला की विषय संपायचा ना? आठ-नऊ महिन्यांनंतर तीच दुपट्टं ओढून शोधायला लागली असेल, म्हणजे झाकलेली वस्तू तिथंच असते हे तेव्हा कळायला लागतं, असं पियाजे म्हणायचे. समज अशी टप्प्याटप्प्यानेच येते. (नंतरच्या अभ्यासांत दिसलं की बाळांना पियाजेंना वाटलं त्यापेक्षा बरंच आधी कळतं, हात तेवढे मागून शिकतात.)

दादाचं म्हणाल तर अकरा-बारानंतर 'असं असतं तर?' हा विचार जमायला लागतो, म्हणून घरचा प्रत्येक नियम तो तपासून बघतोय. कारण असेल तर सांगा, नसेल तर तो नियम ठेवायचाच कशाला? अन् सगळे बघतात हे त्याला मनापासून वाटतं, डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच लिहून ठेवलंय की या वयात डोक्यात सतत एक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो, त्यामुळे चारचौघात त्याला हसू नका. जेवण, मित्र, शाळा यातलं काही तुटायला लागलं तर मात्र समुपदेशकाला दाखवा, तसं काही नसेल तर बर्डीला तुम्ही एकट्या जा, अन् त्याचे शर्ट त्याला मित्रांसोबत घेऊ द्या.