उपचार थांबवणे हाही निर्णयच असतो
कोल्हापुरातील एका भगिनींचे पत्र आहे. परस्पर संमतीने घटस्फोट झाला असून चौदा वर्षांच्या मुलाचा ताबा त्यांच्याकडे आहे. मुलाच्या मंत्रचळावर (तोच विचार वा तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, ओसीडी) मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेल्या गोळ्या वडिलांनी मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यात परस्पर बंद केल्या आणि आता ‘माझ्या सहीशिवाय औषध देऊ नये’ असे डॉक्टरांना लिहून दिले आहे. वडिलांना न कळवता गोळ्या द्याव्यात का, असा त्यांचा प्रश्न आहे. थोड्याफार फरकाने असाच प्रश्न अनेक घरांतून येतो.

ताबा कोणाकडे आहे यावर या प्रकरणाचा निकाल लागणार नाही. तो लागेल आपण पाठवलेल्या, घटस्फोटाच्या वेळी उभयतांनी सही केलेल्या सहमतीच्या अटींतील एका वाक्यावर: ‘मुलाच्या शिक्षणाचे व वैद्यकीय उपचारांचे महत्त्वाचे निर्णय उभयतांच्या लेखी संमतीने घेतले जातील.’ सही करताना हे वाक्य वाचले नव्हते असे आपण लिहिता. ज्या कागदावर मुलाची पुढची वर्षे अवलंबून आहेत, तो न वाचता सही करणे मला समजू शकत नाही, आणि न्यायालयही ही सबब ऐकणार नाही.

मात्र हेच वाक्य आज आपल्या बाजूने उभे राहू शकते. उपचार सुरू होताना ‘डॉक्टर म्हणतात तसे करा’ असा संदेश वडिलांनी आपल्याला पाठवला होता. ती त्यांची लेखी संमती होती, असे आपल्याला ठामपणे मांडता येईल. संमतीने सुरू झालेले औषध पुढे चालू ठेवणे हा नवा निर्णय नाही. ते बंद करणे हा नवा आणि महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्यासाठी आपली लेखी संमती लागत होती. म्हणजे अट मोडली ती वडिलांनी. तो संदेश जपून ठेवा आणि मूळ फोन बदलू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय छापील प्रतीवर हरकत येईल.

लपवून गोळ्या मुळीच देऊ नका. आपली बाजू खरी असताना लपवाछपवीचा ठपका आपल्यावर बसेल. शिवाय मध्ये खंड पडल्यानंतर औषध कोणत्या मात्रेने पुन्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर कागदपत्रांची वाट न पाहता त्याला थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयात न्या. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावरही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 94 प्रमाणे जिवाला धोका असताना 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात, आणि प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्याची (अल्पवयीन मुलासाठी पालकाची), संमती तो उपलब्ध असेल तरच अपेक्षित आहे.

आता न्यायालयाविषयी. हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या कलम 26 खाली, ज्या कुटुंब न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला तिथेच ही अट बदलून मागावी. वैद्यकीय निर्णय मानसोपचारतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्यानुसार आईने घ्यावेत आणि वडिलांना ते कळवावेत, असा बदल सुचवा. कलमात ताबा, निर्वाह आणि शिक्षण हे शब्द आहेत, उपचार हा शब्द नाही, म्हणून विरोधी वकील त्यावर बोट ठेवतील. परंतु औषधाचा प्रश्न ताब्याबाहेरचा मानला जाईल असे मला वाटत नाही. याच अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकालापर्यंत तात्पुरता आदेश मागणारा अर्ज द्या, कारण मूळ अर्ज तारखांमध्ये किती अडकेल हे कोणीही सांगू शकत नाही आणि वाढत्या वयाच्या मुलाचा आजार न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात औषध बंद झाल्यापासून मुलामध्ये नेमका काय बदल झाला, हे आलेच पाहिजे. ‘उपचार आवश्यक’ एवढ्या दोन शब्दांवर तातडी सिद्ध होत नाही.

त्याच 2017 च्या कायद्यात कलम 15 खाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडेही जाता येते, आणि पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असल्यास मंडळ दुसरा प्रतिनिधी नेमू शकते. मुलाला दाखल करण्याची वेळ आली तर तो मार्ग महत्त्वाचा ठरेल. बाह्यरुग्ण उपचारांच्या या वादात मात्र अट कुटुंब न्यायालयाची असल्याने मी तिथूनच सुरुवात करीन. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसते म्हणून थेट तिकडे धाव घेण्याचेही कारण नाही.

मे महिन्यात गोळ्या बंद झाल्या आणि पत्र आले जानेवारीत. या आठ महिन्यांत एकही नोटीस गेली नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, कारण वडील हेच मौन संमती म्हणून दाखवतील. या आठवड्यातच हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन वकिलांमार्फत नोटीस पाठवा. न्यायाधीश चौदा वर्षांच्या मुलाशी स्वतंत्रपणे बोलण्याची शक्यता आहे. काय बोलायचे ते त्याला पढवू नका, फक्त असे बोलणे होऊ शकते एवढे आधी सांगून ठेवा.