वाचक विचारतात : मॉरिशसचं संपलेलं पाखरू आणि आपला चक्रवाक

प्रश्न : डोडोसोबत मॉरिशसमधलं एक बदकही कायमचं संपलं, असं वाचलं. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर हिवाळ्यात येणारा चक्रवाक त्याच्या नात्यातला आहे का? चक्रवाक टिकला, मग ते का नाही?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : हो, नात्यातलाच. ते पाखरू म्हणजे मॉरिशस शेल्डगूज. त्या बेटाबाहेर ते कुठेच नव्हतं. त्याचा सख्खा भाऊबंद आफ्रिकेतला इजिप्शियन गूज, चक्रवाक चुलत घराण्यातला. चक्रवाक पाण्यावरून उठला की पंख बघा : पुढचा भाग पांढराशुभ्र, उडायची पिसं काळी. १६६८ मध्ये जॉन मार्शल या इंग्रज प्रवाशानं मॉरिशसच्या पाखराबद्दल असंच लिहिलं आहे, पंखाचा टोकाकडचा अर्धा भाग काळा, उरलेला पांढरा. पाखरू फार मोठं नाही, पण अंगानं भरलेलं आणि चवीला चांगलं, असंही मार्शल नोंदवतात. अशा पाखराची शिकार होणारच.

डच १५९८ मध्ये बेटावर उतरले. १६९३ मध्ये ही पाखरं विरळ झाल्याची नोंद आहे, १६९८ पर्यंत ती संपली. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं, मांजरं अंडी-पिलांच्या मुळावर आली. शिवाय बदक-हंसांची उडायची पिसं वर्षातून एकदा सगळी एकदम झडतात आणि नवी येईस्तोवर काही आठवडे पाखरू उडू शकत नाही. तरी सगळ्यात घातक गोष्ट आमच्या मते ही की, भर घालायला दुसरीकडे एकही जोडी नव्हती. चक्रवाकाची वीण लडाख-तिबेटपासून मध्य आशियापर्यंत होते आणि एक तलाव आटला तर तो दुसरा गाठतो.

प्रश्न : आमच्या तलावावर कोणती बदकं अंडी घालतात? त्यांच्यासाठी काय जपावं?

उत्तर : पावसाळ्यात अडई आणि काणूक. दोघीही झाडाच्या ढोलीत घालतात, अडई काठच्या दाट गवतातही. अडईची अंडी साधारण ७ ते १२, उबवायला २२ ते २४ दिवस. त्यामुळे पाळीवरचं, म्हणजे तलावाच्या बांधावरचं, ढोलीचं झाड वठलं तरी तोडू नका. बेशरम हे काठावर माजणारं झुडूप मात्र मुळासकट काढाच, तेही मे संपायच्या आत. पाऊस लागल्यावर काठ साफ केला तर घरटी जातात. उपटलेल्या फांद्या पाळीवर ओल्यात टाकल्या तर पुन्हा फुटतात, तेव्हा पाण्यापासून दूर नेऊन पूर्ण वाळवा. देवधान, म्हणजे तलावातलं रानटी भात, सगळं खरडू नका, त्याचे दाणे बदकं खातात. जुलै ते सप्टेंबर काठावर मोकाट कुत्री फिरकू देऊ नका.