वापरलेली व्ही-स्ट्रॉम ६५० की नवी हिमालयन ४५०?

नाशिकरोड ते सातपूर रोजचं ऑफिस, जोडून सुट्टी आली की बायकोला घेऊन लांब जायचं, उंची साडेपाच फूट आणि सुझुकीची वापरलेली व्ही-स्ट्रॉम ६५० की रॉयल एनफील्डची नवी हिमालयन ४५०, या दोन मोटरसायकलींतली एक निवडायची, असा तुमचा प्रश्न आहे. मी व्ही-स्ट्रॉम चालवतो, तेव्हा माझं माप तिकडे झुकणार हे धरूनच वाचा.

हायवेवर हिमालयन व्ही-स्ट्रॉमच्या पासंगाला पुरत नाही. ६४५ सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, दोन सिलिंडर ९० अंशांत, त्यामुळे कंपनं कमी आणि दिवसभर चालवूनही हाताला मुंग्या येत नाहीत. डबलसीट, बॅगा लादलेल्या आणि कसारा घाटात पुढे कंटेनर, अशा वेळी नुसती मूठ पिळली की गाडी पुढे निघते. टाकी २० लिटरची. पण समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही. नागपूरकडे जायचं तर जुनाच रस्ता; गतिरोधक, ट्रॅक्टर आणि आडवी येणारी गुरं. तिथे ही ताकद निम्मी खिशातच राहते.

त्र्यंबकवरून मोखाडा-जव्हारला पावसाळ्यात जाणार असाल तर चित्र उलटं. व्ही-स्ट्रॉमचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, १७० मिमी, हिमालयनचा २३०. शिवाय व्ही-स्ट्रॉमचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मागेच असतो. उडालेला दगड थेट त्यावर. स्किड प्लेट, म्हणजे इंजिनाला दगडांपासून वाचवणारा पत्रा, लावल्याशिवाय खडीच्या रस्त्याला जाऊच नका. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, पाण्याने भरलेला खड्डा तिला फारसा जाणवत नाही. मात्र घेताना ट्यूबलेस चाकांचीच घ्या. आडरानात ट्यूब पंक्चर झाली तर चाक उतरवण्यापासून सुरुवात. ट्यूबलेसला छिद्रात रबराची स्ट्रिप मारा, हवा भरा आणि निघा. व्ही-स्ट्रॉमच्या एक्सटी या प्रकाराला स्पोकची चाकं असूनही टायर ट्यूबलेस आहेत.

उंचीचं म्हणाल तर व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ मिमी, वजन २१६ किलो. हिमालयनची सीट ८२५ किंवा ८४५ वर बसवता येते, वजन १९६ किलो. कागदावर फरक वीसच किलोंचा, पण सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना तोच घाम काढतो. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून ठरवू नका.

सातपूरची ये-जा रोजची आणि लांबची ट्रिप कधीमधी, म्हणून मी तुम्हाला हिमालयनच सांगेन. २०२५च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, तेव्हा ऑन-रोड किंमत विचारूनच बजेट मांडा. मुंबई, पुणे, गोव्याच्या हायवे ट्रिपाच जास्त होणार असतील तर व्ही-स्ट्रॉम बघा. मॉडेल बंद झालंय, म्हणून सर्व्हिसची बिलं मागा, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या, सीलवर तेल आलंय का ते बोट फिरवून पाहा आणि इंजिन थंड असतानाच स्वतः स्टार्ट करा, खोट असली तर तेव्हाच कळते. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.