पाप माझं, मरण येशूचं, मग माझं पाप फिटलं कसं?

तुम्ही विचारलंय की पाप मी करायचं आणि शिक्षा दोन हजार वर्षांपूर्वी येशूनं भोगायची, याच्यानं माझं पाप फिटतं कसं, आणि फिटत असेल तर माणूस काहीही करायला मोकळाच झाला ना. वर तुम्ही लिहिलंय की तुम्ही बौद्ध घरातले, बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटलं, मोक्षदाता नाही, त्यामुळे दुसरा कोणी येऊन आपल्याला तारतो ही गोष्टच गळी उतरत नाही. भाऊ, मी पण नागपूरचाच, सदरमधल्या चर्चमध्ये लहानपणापासून जातो, पाळक वगैरे नाही, पण हाच प्रश्न कॉलेजपासून मित्र विचारून राहिले त्यामुळे यावर विचार बराच केलाय.

आधी सरळ सांगतो, हा फरक खरा आहे. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात असं म्हणून मी तो गुळमुळीत करणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी जो मार्ग घेतला त्यात माणूस स्वतः चालतो आणि त्याला कोणी उचलून नेत नाही, त्या मार्गाचा मला मनापासून आदर आहे. ख्रिस्ती विश्वास मात्र सुरूच इथून होतो की माणूस अडकलेला आहे आणि स्वतःच्या जोरावर सुटू शकत नाही. चांगलं काय ते कळतं तरी हातून वाईटच होतं, ही तक्रार येशूचा प्रेषित पौल यानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःबद्दलच केलीये.

आता सोडवणं म्हणजे काय. हे समजायला येशूच्याही आधी मागे जावं लागतं, यहुद्यांच्या कायद्यात. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात आहे की एखाद्यानं गरिबीमुळे वडिलोपार्जित जमीन विकली किंवा कर्जापायी स्वतःलाच गुलाम म्हणून विकलं तर त्याच्या जवळच्या नातेवाइकानं पैसे भरून त्याला सोडवावं. म्हणजे सोडवणारा आपला माणूस पाहिजे आणि पैसे त्याच्या खिशातून गेले पाहिजेत. बायबलमधल्याच रूथच्या गोष्टीत हे फार सुंदर दिसतं, रूथची सासू नामी हिची जमीन सोडवायला बवाज नावाच्या नातेवाइकापेक्षाही जवळचा एक नातेवाईक होता, तो आधी हो म्हणाला, पण जमिनीबरोबर विधवा रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल म्हटल्यावर माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरला, आणि बवाज ते नुकसान माहीत असूनही पुढे आला. मला तर या एका प्रसंगात सगळं दिसतं. त्यात इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण यहुदी लोक दरवर्षी वल्हांडण सणाला करायचे, म्हणून येशू जेव्हा म्हणाला की मी सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी (म्हणजे सोडवणुकीची किंमत) म्हणून द्यायला आलोय (मार्क 10:45), तेव्हा ऐकणाऱ्यांना गुलाम सोडवणं म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती.

पण तुमची मुख्य अडचण ही की तिऱ्हाइताला शिक्षा देऊन न्याय कसा होतो. खरंय, तिऱ्हाईत असता तर तो अन्यायच होता! समजा इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचे माझ्याकडे दोन लाख आहेत आणि तो म्हणाला जाऊ दे, माफ केले, तर ते दोन लाख हवेत विरत नाहीत, ते त्याच्या गल्ल्यातून गेले. माफी मागणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला कधीच नसते, आणि ज्यानं कोणाचा खरा मोठा घाव माफ केलाय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमचं म्हणणं असं की वधस्तंभावर देवानं दुसऱ्या कोणाला पुढे केलं नाही, ख्रिस्तात तो स्वतःच होता, ज्याचं येणं होतं त्यानंच नुकसान सोसलं. हे काढून टाकलं तर उरतं ते एक चिडलेला देव आणि एक निष्पाप बळी, आणि त्यावर माझाही विश्वास नाही.

खंडणी दिली तर कोणाला दिली यावर मात्र चर्चमध्ये शतकानुशतकं चर्चा झालीये. चौथ्या शतकात नुस्साचा बिशप ग्रेगरी यानं म्हटलं सैतानाला. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म नावाच्या धर्मपंडितानं ते अमान्य केलं, म्हणाला सैतानाचं देणं कसलं, कर्ज तर देवाला फेडायचं होतं. त्याच्यानंतर अबेलार हा दुसरा धर्मपंडित म्हणाला की ते प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं हेच महत्त्वाचं. मला वाटतं प्रत्येकाच्या हाती एकेक बाजू लागली, पूर्ण गोष्ट कोणाच्याच नाही.

मग माणूस मोकळा झाला का? हा प्रश्न पौलालाही लोकांनी केला होता, कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का, आणि रोमकर 6 मध्ये त्याचं उत्तर आहे की मुळीच नाही, जो पापाच्या गुलामीतून सुटला तो पुन्हा तिथंच कशाला राहील. जक्कयाचं बघा, जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. येशू आपणहून त्याच्या घरी उतरायला गेला, आणि जक्कय उभा राहून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. क्रम लक्षात घ्या, आधी स्वीकार आणि मग परतफेड, पण परतफेड झालीच. आणि येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला सुखलोकाचं वचन मिळालं तरी त्याला खाली उतरवलं नाही, रोमन कायद्याची शिक्षा त्याला भोगावीच लागली. त्यामुळे कोणी बायकोला मारहाण करून किंवा कोणाचे पैसे बुडवून वर म्हणत असेल की प्रभूनं मला माफ केलं आता विषय संपला, तर त्याला माझ्याकडून साफ नाही. पोलीस स्टेशन आहे, कोर्ट आहे, आणि ज्याला इजा झाली त्याचा हक्क कोणाच्या प्रार्थनेनं संपत नाही.

आपल्याच मराठी मुलखातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. इंग्लंडमध्ये समाजानं टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स (ख्रिस्ती संन्यासिनी) कशा जवळ करतात ते त्यांनी पाहिलं, विचारलं हे का करता, तेव्हा त्यांना यहुदी ज्यांना कमी लेखत त्या शमरोनी लोकांतल्या एका बाईची गोष्ट वाचून दाखवली, जिच्याशी येशू विहिरीवर बोलला. 1883 ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनीच लिहिलं की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आठेक वर्षांनी भेटला. म्हणजे नाव बदललं, चर्चला गेलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, झाली असं नाही हे खुद्द रमाबाई सांगतात. आणि नंतर दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी वाचवून नेल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. सुटलेली बाई दुसऱ्यांना सोडवत सुटली!

शेवटी तुमचा छोटा प्रश्न, हे फक्त ख्रिश्चनांसाठीच का. इथं चर्चांमध्ये एकमत नाही. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, 1964 मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त माहीत झाला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं. बरेच प्रोटेस्टंट म्हणतात येशूवर उघड विश्वास हवाच. मी स्वतः येशूशिवाय दुसरा तारणारा मानत नाही, पण त्यानं कोणाकोणाला सोडवलं याची यादी करायचं काम त्यानं मला दिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या आजीचं काय होईल असं तुम्ही जे विचारलंय त्यावर निकाल द्यायचा अधिकार ना मला आहे ना त्या माणसाला ज्यानं तिचं तारण होणार नाही असं तुम्हाला ऐकवलं, आणि असं बोलून त्यानं तुम्हाला दुखावलं याचं मला एक ख्रिस्ती म्हणून खरंच वाईट वाटतं.